घोड्यावरचं बिऱ्हाड कुणाच्या हातात?

(महिला संघटनांच्या मेळाव्यात केलेल्या भाषणाचं शब्दांकन)

श्रम आणि मालकी या विषयावर आपण आजवर पुष्कळ बोललो. घरकाम झालं, शेतमजुरी झाली, सातबाऱ्यावर बायकोचं नाव लावायची मोहीम झाली. आज मी एका जनावराबद्दल बोलणार आहे. घोड्याबद्दल. काहीजणी हसताहेत. घोडा आणि स्त्रियांचे प्रश्न यांचा काय संबंध, असं वाटणं साहजिक आहे. पण मी शिरूर आणि दौंड तालुक्यांत काम करते आणि तिथे हा संबंध रोज रस्त्यावर चालताना दिसतो.

आपल्याकडे घोडा म्हटलं की डोळ्यांपुढे काय येतं? पुतळ्यातला घोडा, वरातीतला घोडा, नाहीतर बैलगाडा शर्यतीत बैलांपुढे पळणारी घोडी. शर्यतींना सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये बंदी घातली, २०२१ च्या डिसेंबरात परवानगी दिली आणि १८ मे २०२३ ला घटनापीठाने कायदा वैध ठरवला. त्या काळात शिरूरमध्ये प्रत्येक पारावर घोडीची चर्चा होती. या सगळ्या घोड्यांवर बसलेला असतो पुरुष.

चौथा घोडा मात्र कुणाच्या डोळ्यांत भरत नाही. तो म्हणजे मेंढपाळ धनगरांच्या वाड्यावरचा घोडा. त्याच्या पाठीवर कुणी बसत नाही. त्याच्या पाठीवर बिऱ्हाड असतं. पालाचं कापड, भांडी, धान्याची पोती, मेंढ्यांभोवती लावायची जाळी, कोंबड्या, नुकतीच जन्मलेली कोकरं आणि चालता न येणारं मूल. त्याची दोरी धरून पुढे चालते ती बाई.

हा दिवस कसा असतो ते सांगते. दसरा-दिवाळीनंतर वाडे बाहेर पडतात आणि पावसाच्या तोंडावर परततात. पहाटे बाई उठते, भाकऱ्या थापते, पाल मोडते, मोकळी सोडलेली घोडी हाका मारून धरून आणते, खोगीर घालते, ओझं दोन्ही बाजूंना सारखं बांधते. पुरुष मेंढरं घेऊन चरत चरत लांबच्या वाटेने जातात. बाया घोडी घेऊन सरळ मुक्कामाच्या जागी पोचतात. पाणी कुठे आहे, पाल कुठल्या अंगाला टाकायचं, शिंगरू रात्री कुठे बांधायचं, हे त्या ठरवतात. शिरूरच्या उसात बिबट्या आहे, म्हणून शिंगराची जागा वाड्याच्या मधोमध. संध्याकाळी पुरुष येतात तेव्हा चूल पेटलेली असते. म्हणजे मेंढरं पुरुषांच्या हातात आणि घोडं बायकांच्या हातात, अशी ही सरळ वाटणी आहे.

पण एका बाईने मला सांगितलं, "ताई, घोडं माझ्या हाताखालचं, पर इकायचं झालं की धन्याचं." बाजारात दात बघून भाव ठरतो तो दोन पुरुषांमध्ये. ती घोडी कुठल्या आवाजाला बुजते, कुठल्या पायाने अडखळते, हे जिला माहीत ती पालाशी असते. एका वाड्यावर बिबट्याने शिंगरू नेलं. पंचनाम्याला आलेल्या साहेबांनी पहिला प्रश्न विचारला, "मालक कोठे आहेत?" मालक मेंढरांमागे दोन मुक्काम लांब. शिंगरू जन्माला घालताना घोडीपाशी रात्रभर बसलेली बाई समोर उभी. तिला विचारलं गेलं ते एवढंच, की मालक कधी येतील?

घोड्यांच्या निगेबद्दल शिबिर घ्यायचं ठरलं तेव्हाही हेच झालं. मदत देणाऱ्यांची सूचना अशी, की तालुक्याच्या गावी सभागृह घ्या, पशुपालकांना बोलवा. पशुपालक म्हणजे अर्थातच पुरुष. आम्ही वाड्यांवर जाऊन बायकांना विचारलं. त्यांच्या अटी तीन होत्या. शिबिर रानात हवं, घोडी सोबत हवीत, आणि दोन दिवस मागे राहिलेल्या पोरांचं आणि भाकरीचं पुरुषांनी बघायचं. तिसऱ्या अटीवर सर्वांत जास्त वेळ गेला. शेवटी चार वाड्यांनी कबूल केलं.

घोडी नेण्यासाठी टेंपोचा खर्च द्यायला कुणी तयार होतं. त्यावर एक आजी म्हणाल्या, "जे घोडं माझं घर नेतंय, त्याला मी टेंपोत घालू? चालत येऊ की." आणि ते बरोबरच होतं. जी घोडी कधी गाडीत चढली नाहीत, ती भर रस्त्यावर टेंपोत बुजली असती. शिवाय ओझ्यासकट चालत आल्याशिवाय खोगीर कुठे टोचतं ते कळणार कसं?

तेव्हा चौदा बाया आणि नऊ घोडी शनिवारी तांबडं फुटायच्या आत न्हावऱ्याच्या बाजूने निघाली. मीही त्यांच्याबरोबर चालले. भीमा ओलांडून दौंड तालुक्यात, पारगावच्या पुढे एका पडीक रानात मुक्काम होता. हा रस्ता पूर्वी बांधाबांधाने जायचा. आता शिरूरकडे चासकमानचं पाणी आलं, दौंडकडे खडकवासल्याचा कालवा आहे. पाणी आलं तिथे ऊस आला आणि पडीक रान आकसलं. एका अंगाला रांजणगाव, दुसऱ्या अंगाला कुरकुंभ अशा औद्योगिक वसाहती. म्हणून घोडी डांबरी रस्त्यावर आली. हंगामात दोन-दोन ट्रॉल्या लावलेले उसाचे ट्रॅक्टर अंगावरून जातात. बायांची रीत अशी, की सर्वांत जाणती घोडी पुढे, नवखी मध्ये, शिंगरू आईच्या आतल्या अंगाला, आणि मागे दोघीजणी लाल फडकं घेऊन. पुलावर एक तरणी घोडी अडली. कुणी काठी उगारली नाही. तिची बाई पुढे जाऊन तिच्याकडे पाठ करून उभी राहिली, बोलत राहिली आणि चालू लागली. घोडी मागोमाग आली. शिबिराचा पहिला धडा तिथेच झाला आणि तो आम्हाला मिळाला.

मुक्कामावर एक पशुवैद्यक मैत्रीण आली होती. तिने आधी सगळी खोगिरं उतरवायला लावून प्रत्येक पाठीवरून हात फिरवला. पाठीच्या कण्यावर थेट ओझं आलं की कातडी सोलते, माश्या बसतात, जखम चिघळते. उपाय साधा आहे. भरताड दोन उशांसारखं करायचं, मध्ये कण्याला मोकळी वाट ठेवायची, आणि रोज संध्याकाळी खोगिराखालून हात फिरवायचा. गरम लागलं, सुजलं वाटलं तर दुसऱ्या दिवशी ते ओझं सरकवायचं. खिळा किंवा तार लागून जखम झाली तर घोड्याला धनुर्वाताचा धोका मोठा, म्हणून लस हवीच. पोट दुखायला लागलेलं घोडं कसं ओळखायचं हे ती सांगू लागली, तर बायांनीच पुढचं सांगितलं. मागे वळून कुशीकडे बघतं, पाय आपटतं, लोळतं. तिने वही काढून लिहून घेतलं.

मग कांद्याच्या वजनकाट्यावर ओझी मोजली. प्राण्यांना क्रूरतेने वागवू नये म्हणून १९६५ मध्ये केंद्र सरकारने ओझ्याच्या जनावरांसाठी नियम केले. तट्टाच्या पाठीवर जास्तीत जास्त ७० किलो. दिवसात नऊ तासांपेक्षा जास्त काम नाही, सलग पाच तासांपेक्षा जास्त नाही, आणि तापमान ३७ अंशांच्या वर जातं तिथे दुपारी १२ ते ३ काम नाही. आमच्या नऊ घोड्यांपैकी सातांचं ओझं सत्तरच्या वर भरलं.

नियम वाचून झाल्यावर थोडा वेळ कुणी बोललं नाही. मग एकजण उठली. डोक्यावरची पाटी, कडेचं पोर, हातातली पाण्याची कळशी सगळं तिने काट्यावर ठेवलं आणि म्हणाली, "आता माझं बी लिवा. घोड्याचं उतरवाल ते जाईल कुठं? माझ्याच डोक्यावर ना?"

मैत्रिणींनो, हा प्रश्न मी तुमच्यासमोर ठेवायला आले आहे. घोड्याच्या ओझ्याला नियम आहे, त्याच्या कामाच्या तासांना नियम आहे, त्याच्या दुपारच्या उन्हाला नियम आहे. तो नियम चांगलाच आहे, पाळला पाहिजे. पण त्याची दोरी धरून चालणाऱ्या बाईचे नऊ तास कुणी मोजले? घरचं काम म्हणून ते मोजमापाच्या बाहेरच राहतं.

त्या रात्री शेकोटीभोवती याच्यावर बराच वेळ बोलणं झालं. ओझ्यात काय कमी करता येईल? जाळी आणि लोखंडी मेखा सोडता येत नाहीत. सर्वांत जड होती धान्याची पोती. शेतात खतासाठी मेंढरं बसवली की शेतकरी धान्य देतो किंवा पैसे. पैसेच घ्या, ओझं हलकं होईल, असं सुचवणं सोपं होतं. बायांनी लगेच मान हलवली. "पैसा धन्याच्या खिशात जातो. जवारी माझ्या पोत्यात ऱ्हाती." धान्य म्हणजे तिच्या ताब्यातली एकमेव संपत्ती. तिच्यातून ती मीठ-मिरची आणते, पोरीला बांगड्या घेते, दुखण्याखुपण्याला मोडते. घोड्याची पाठ वाचवायची म्हणून आपण तिच्या हातातली पुंजी काढून घेणार का? चर्चेअंती तिघीजणींनी ठरवलं, की धान्यच घ्यायचं, पण वाटेतल्या बाजारात अर्धं स्वतः विकायचं आणि पैसे स्वतःच्या खात्यात टाकायचे. जनावराची निगा आणि बाईचा हक्क एकमेकांत किती गुंतलेले आहेत, ते कुठल्याही पुस्तकापेक्षा त्या शेकोटीपाशी मला जास्त कळलं. समाजकार्याच्या अभ्यासक्रमात आम्हाला 'लाभार्थी' हा शब्द शिकवला होता. तिथे बसलेल्या बायांपैकी एकीलाही तो लावता येईना.

आता थोडं मान्यतेबद्दल. दौंडचा भाग इंग्रजी अमदानीत भीमथडी तालुक्यात होता. मराठ्यांच्या फौजेतली भीमथडीची तट्टं इतिहासात गाजली. राज्य गेलं, फौजा गेल्या, पण ही चिवट तट्टं संपली नाहीत. ती का संपली नाहीत? कारण मेंढपाळांना बिऱ्हाडासाठी त्यांची गरज होती. २०२३ मध्ये कर्नालच्या राष्ट्रीय संस्थेने भीमथडी घोड्याची स्वतंत्र देशी जात म्हणून नोंद केली. आनंदाची गोष्ट आहे. पण ज्यांनी शिंगरं वाढवली, थंडीत घोंगडी घातली, दुष्काळात आपल्या वाटणीची भाकरी चारली, त्या बायांचा त्यात उल्लेख कुठे आहे? घोड्याला नोंद मिळाली, ती सांभाळणारीला अजून मिळायची आहे.

मात्र दार थोडं उघडलं आहे. २०२४ च्या ऑक्टोबरात सुरू झालेल्या एकविसाव्या पशुगणनेत फिरत्या पशुपालकांची जनावरं पहिल्यांदाच वेगळी मोजायचं ठरलं, आणि जनावरांची देखभाल मुख्यतः बाई करते की पुरुष, हाही प्रश्न आला. वनहक्क कायदा २००६ चा आहे. त्यात फिरत्या पशुपालक समाजांचा हंगामी चराईचा हक्क मान्य केलेला आहे. संयुक्त राष्ट्रांनी २०२६ हे वर्ष चराऊ रानं आणि पशुपालकांचं, आणि त्याच वेळी महिला शेतकऱ्यांचंही म्हणून जाहीर केलं. ही दोन वर्षं एकाच बाईची आहेत, हे सांगायचं काम आपलं आहे.

म्हणून चार गोष्टी मागते. तुमच्या तालुक्यातून कुठले वाडे कधी जातात याची नोंद प्रत्येक गटाने ठेवावी. जनावरांच्या लसीकरणाची तारीख वाड्यावरच्या बाईला कळवावी, तिच्या मुक्कामावर जाऊन. पंचनामा असो की गणना, कागदावर सांभाळणारीचं नाव यावं असा आग्रह आपण तिच्या शेजारी उभं राहून धरावा. आणि घोडा विकायचा असेल तर तिच्या संमतीशिवाय सौदा होऊ नये, ही गोष्ट जात पंचायतीपासून बचतगटापर्यंत बोलायला सुरुवात करावी.

रविवारी दुपारी निघण्याआधी आम्ही एक वही केली. घोडीचं नाव, खुणा, वय, टोचल्याची तारीख. पुढचा रकाना काय लिहायचा यावर क्षणभर थांबलो. 'मालक' लिहिलं तर नवऱ्याचं नाव येणार. एका तरुण मुलीने सुचवलं, "घोडी कुणाचं ऐकते, असं लिवा." तसंच लिहिलं. नऊच्या नऊ रकान्यांत बायकांची नावं आली. पुढचं शिबिर दसऱ्याच्या आधी आहे, वाडे निघण्यापूर्वी. वहीत पानं पुष्कळ शिल्लक आहेत. तुमच्या भागातल्या बायांना घेऊन या, आणि घोडी चालवतच आणा.