इंग्लंडमधले घर: विचारायचे कोणी, सांगायचे कोणी?

इंग्लंडमध्ये स्थिरावलेली आपली मुलेबाळे घर घ्यायला निघाली की इथल्या आईवडिलांचा प्रश्न ठरलेला असतो. किंमत ठरली, विकणारा ‘हो’ म्हणाला, मग तीन-चार महिने चालले आहे तरी काय? आणि मधेच त्याने जास्त पैसे देणारे दुसरे गिऱ्हाईक गाठले, तर त्याला कोर्टात खेचता येत नाही का? नाही येत. जमीनजुमल्याच्या विक्रीचा करार लेखी हवा, त्यात ठरलेल्या सगळ्या अटी हव्यात आणि दोन्ही बाजूंच्या सह्या हव्यात, असे तिथल्या १९८९ च्या कायद्याचे दुसरे कलम सांगते. त्यामुळे एजंटमार्फत आलेल्या होकाराला कायद्याच्या लेखी काहीही किंमत नाही. दोन्ही पक्षांचे वकील सह्या केलेल्या प्रतींची अदलाबदल करतात, त्या क्षणी व्यवहार बांधला जातो, आणि साधारण दहा टक्के रक्कम त्याच वेळी द्यायची असते. आपल्या भाषेत सांगायचे तर ही अदलाबदल म्हणजे साठेखत, आणि पुढे उरलेले पैसे देऊन किल्ल्या हाती येतात तो दिवस खरेदीखताचा. इसार देऊन जागा अडवून ठेवायची आपली सवय तिथे कामाला येत नाही.

ही मोकळीक विकणाऱ्याच्या सोयीची आहे, अशी तक्रार सर्रास ऐकू येते. माझे म्हणणे वेगळे आहे. सहीपूर्वीचे हे महिने हीच घेणाऱ्याच्या हातातली सर्वांत मोठी ढाल आहे, कारण इंग्लंडचा कायदा घराचे दोष शोधण्याचे काम मुळात घेणाऱ्यावर टाकतो. विकणाऱ्याने खोटे बोलू नये, एवढीच त्याच्याकडून अपेक्षा असते. आपण होऊन सगळे सांगावे, अशी नसते.

दोन खटले शेजारी ठेवले की हा फरक स्वच्छ दिसतो. वेकफील्ड शहरातल्या एका घरात पूर्वी भयंकर खून झाला होता. पुढच्या मालकांना ते घर घेतल्यानंतर कळले. त्यांनी घर विकले तेव्हा छापील प्रश्नावलीत विचारले होते की, खरेदीदाराला जाणून घेण्याचा हक्क आहे असे तुम्हाला वाटणारी आणखी काही माहिती आहे का? त्यांनी ‘नाही’ लिहिले. नव्या मालकांना हकिगत कळली ती टीव्हीवरच्या एका माहितीपटातून. ते कोर्टात गेले आणि २००४ मध्ये अपील न्यायालयात हरले. प्रश्न ‘तुम्हाला वाटते का’ असा होता, आणि विकणाऱ्यांना प्रामाणिकपणे तसे वाटत नव्हते. आता दुसरा खटला. लंडनच्या नॉटिंग हिलमधला एक वाडा २०१९ मध्ये ३ कोटी २५ लाख पौंडांना विकला गेला. भिंतींत आणि छपरात उबेसाठी लोकरीचे अस्तर भरलेले होते आणि त्यात कपडे खाणाऱ्या पतंगांची वस्ती झाली होती. घरात कीड कधी झाली होती का, असे खरेदीदारांनी व्यवहारापूर्वी नेमके विचारले होते आणि उत्तर खोटे मिळाले होते. फेब्रुवारी २०२५ मध्ये उच्च न्यायालयाने तो व्यवहारच रद्द ठरवला. खुनाने दिलासा मिळाला नाही आणि पतंगांनी मिळाला, हे ऐकून हसू येईल. पण कायदा इथे दोषाचे गांभीर्य मोजत बसला नाही. कोणता प्रश्न विचारला गेला आणि त्याला काय उत्तर मिळाले, एवढेच त्याने पाहिले. गळती, शेजाऱ्याशी वाद, परवानगीशिवाय वाढवलेली खोली यांबद्दल वकिलामार्फत लेखी, मुद्देसूद विचारणा करण्याला म्हणूनच महत्त्व आहे. तोंडी मिळालेले आश्वासन पुढे सिद्ध करणे जिकिरीचे होते.

यावर आक्षेप येतो की सरकारी नोंद असताना एवढी शोधाशोध कशाला? इंग्लंडची भूमिनोंदणी खरोखर भक्कम आहे. लँड रजिस्ट्री १८६२ पासूनची, आणि मालकीच्या नोंदीत चूक निघून नुकसान झाले तर भरपाईची तरतूद आहे. आपल्याकडे सात-बारा आणि फेरफार चाळून तीस वर्षांचा सर्च रिपोर्ट काढणाऱ्याला त्याचा हेवाच वाटेल. पण नोंदीत न दिसणारे हक्कही असतात. १९८० मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने दिलेल्या बोलंड खटल्याच्या निकालात घर एकट्या नवऱ्याच्या नावावर होते. बायकोने खरेदीत पैसे घातले होते आणि ती तिथेच राहत होती. नवऱ्याने घर बँकेकडे गहाण ठेवले, पण बँकेला तिचा हक्क डावलता आला नाही. घरात राहणाऱ्या प्रत्येक सज्ञान माणसाची सही वकील मागतात, ती याच धास्तीने. शिवाय बँक जे मूल्यांकन करून घेते ते स्वतःच्या कर्जापुरते असते. छप्पर, ओल, पाया पाहायचा तर वेगळा सर्वेक्षक नेमावा लागतो. फ्लॅट असेल तर तो बहुधा भाडेपट्ट्याचा, आणि पट्ट्याची ऐंशीपेक्षा कमी वर्षे उरली की तो वाढवून घेणे महागात जात आले आहे. २०२४ च्या कायद्यात हे बदलण्याची तरतूद आहे, पण ती लागू झाली का, हे घर घेताना तपासलेले बरे.

दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे. सगळे ओझे घेणाऱ्यावर कशाला, विकणाऱ्यानेच आधी कागद तयार ठेवावेत की! स्कॉटलंडमध्ये २००८ पासून तसेच चालते, आणि आपल्या रेरा कायद्याचे तेरावे कलमही नोंदणीकृत करार केल्याशिवाय बिल्डरला दहा टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम घेऊ देत नाही. इंग्लंडनेही २००७ मध्ये विकणाऱ्याला माहितीची फाइल सक्तीची केली होती. २०१० मध्ये सरकार बदलताच ती बासनात गेली. मला त्यात मेख दिसते ती अशी: विकणाऱ्याने पैसे देऊन करून घेतलेल्या अहवालावर घेणारा आणि त्याची बँक कितपत विसंबणार? ही सक्ती परत आली तर वेळ वाचेल हे मान्य. नेमका प्रश्न विचारण्याचे काम मात्र घेणाऱ्याकडेच राहील.

विचारपूस दुसऱ्या दिशेनेही होते, आणि आपली मंडळी अडखळतात ती तिथे. आईवडिलांनी पैसे पाठवले तर ते कुठून आले, परत मागणार का, हे वकील आणि बँक दोघेही विचारतात. काळा पैसा रोखण्याच्या नियमांनी त्यांना ते बंधनकारक केले आहे. इथून पैसे पाठवण्याची मर्यादाही माणशी वर्षाला अडीच लाख डॉलर. त्याहून महत्त्वाचा प्रश्न म्हणजे ‘तुमच्या नावावर दुसरे घर आहे का?’ यात पुण्यातला फ्लॅटही येतो. पहिले घर घेणाऱ्याला ४ लाख पौंडांच्या घरावर सध्या ५ हजार पौंड मुद्रांक कर पडतो. जगात कुठेही घराची मालकी कधी मिळालेली असेल, वारशाने का होईना, तर ही सवलत जाते आणि कर १० हजार होतो. तो फ्लॅट अजून नावावर असेल आणि त्यातल्या हिश्शाची किंमत ४० हजार पौंड किंवा जास्त असेल, तर पाच टक्के अधिभार लागून आकडा ३० हजारांवर जातो. निम्म्यापर्यंतचा हिस्सा वारशाने येऊन तीन वर्षे झाली नसतील, तर हा अधिभार टळतो. म्हणून वडिलांनी प्रेमाने मुलाचे नाव सोसायटीच्या शेअर सर्टिफिकेटवर घातले असेल, तर ती गोष्ट तिकडच्या वकिलाला पहिल्याच भेटीत सांगावी, सह्यांची अदलाबदल होण्याच्या खूप आधी.