ऊसतोड महिला आणि प्रजननाचा हक्क



महिलांचे प्रजनन आरोग्य आणि मानवी हक्क या विषयावरील परिषदेचे यजमानपद बीडकडे आले आहे आणि त्यासोबत येणाऱ्या जबाबदारीची जाणीव स्वागत समितीला आहे.

१९९४ मध्ये कैरो येथे भरलेल्या लोकसंख्या व विकास परिषदेत १७९ देशांनी प्रजनन हक्कांना मानवी हक्कांमध्ये स्थान दिले. प्रजनन हक्क म्हणजे मूल हवे की नको, केव्हा आणि किती अंतराने, हे कोणत्याही सक्तीविना ठरवण्याचा व त्यासाठी लागणारी माहिती आणि सेवा मिळवण्याचा अधिकार. महाराष्ट्राला हा विचार परका नव्हता, कारण र. धों. कर्वे यांनी १९२१ मध्येच मुंबईत संततिनियमन केंद्र सुरू केले होते. तरीही १९८९ मध्ये डॉ. राणी बंग आणि सहकाऱ्यांनी गडचिरोलीतील दोन गावांची पाहणी प्रसिद्ध केली, तेव्हा ९२ टक्के स्त्रिया स्त्रीरोगाने ग्रस्त आढळल्या आणि त्यांतील बहुतेकींची त्यापूर्वी कधीही तपासणी झालेली नव्हती.

बीडमध्ये या दुर्लक्षाने वेगळेच रूप घेतले. ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’ धरला जातो, हंगामाआधी मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, घेतली जाते आणि एक दिवस काम चुकले तर ‘खाडा’ म्हणून दंड कापला जातो. फडाशेजारच्या कोपीत, म्हणजे झोपडीत, ना संडास, ना न्हाणीघर, ना पुरेसे पाणी, आणि पाळीच्या दिवसांतही डोक्यावर मोळी घेऊन ट्रकला लावलेल्या फळीवर चढावेच लागते. अंगावरून पांढरे जाते, ओटीपोट दुखते अशी तक्रार घेऊन गेलेल्या बाईला कॅन्सरची भीती घातली गेली आणि औषधांनी बऱ्या होणाऱ्या दुखण्यांसाठीही ‘पिशवी’ काढण्याचा सल्ला मिळाला. २०१९ मध्ये राज्य शासनाने नेमलेल्या समितीसमोर जी पाहणी आली, तीत ८२ हजारांहून अधिक ऊसतोड महिलांपैकी १३ हजारांहून अधिक जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. शंभरामागे हे प्रमाण सुमारे १७ पडते, तर देशात १५ ते ४९ वयोगटात ते सुमारे ३ आहे. शस्त्रक्रियेच्या कागदावर या बायकांचा अंगठा किंवा सही असते, पण खाड्याच्या धाकाने आणि अपुऱ्या माहितीवर दिलेल्या अशा होकाराला संमती म्हणता येत नाही.

समतेचा प्रश्न याच व्यवहारात गुंतलेला आहे. मजुरी कोयत्यामागे ठरते आणि सहसा नवऱ्याच्या हाती पडते, त्यामुळे निम्मे काम करणारी बाई हिशेबाच्या वहीत दिसतच नाही. कुटुंबनियोजनाचा भारही तिच्याच शरीरावर आहे: राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत स्त्री-नसबंदीचे प्रमाण सुमारे ३८ टक्के, तर पुरुष-नसबंदीचे अवघे ०.३ टक्के नोंदले गेले.

आजारपण आणि पाळीच्या दिवसांत खाडा लावू नये व मजुरी महिलेच्या स्वतंत्र नावे जमा व्हावी, या दोन मागण्या परिषदेने आपल्या ठरावात सर्वांत वर ठेवाव्यात, अशी स्वागत समितीची आग्रहाची विनंती आहे.