थोरांचे डाव आणि अभ्यासकाचा पट

गावोगावी देवळाच्या ओवरीत किंवा वाड्याच्या ओसरीवर बुद्धिबळाचा पट मांडून बसलेली जोडी दृष्टीस पडते. तीच दोन माणसे, तोच पट आणि बहुधा त्याच चुका! वीस-पंचवीस वर्षे नित्य खेळूनही अशांचा खेळ जेथल्या तेथेच का राहतो, हा प्रश्न वरवर क्षुल्लक वाटला, तरी तो विद्याभ्यासाच्या मुळाशी जाणारा आहे. खेळण्याने हात सरावतो हे खरे. परंतु जो आपल्याच तोलाच्या गड्याशी सदैव खेळतो, त्याला आपल्या चुकीची शिक्षा क्वचितच मिळते, आणि शिक्षा न मिळालेली चूक हळूहळू सवयीचे रूप धारण करते. ही कोंडी फोडण्याचा उपाय म्हणजे श्रेष्ठ खेळाडूंच्या छापील डावांचे अध्ययन होय. मात्र कादंबरी वाचावी तसा डाव वाचून हा लाभ पदरात पडत नाही.

उदाहरणादाखल इ. स. १८५८ मध्ये पॅरिसच्या नाट्यगृहात झालेला एक डाव घेऊ. अमेरिकेचा एकवीस वर्षांचा पॉल मॉर्फी पांढरी मोहरी घेऊन बसला होता, आणि ब्रन्सविकचा ड्यूक व काउंट इझुआर हे दोघे आपसांत मसलत करून काळ्या बाजूने खेळत होते. डाव अवघ्या सतरा चालींत संपला. सामान्य वाचक शेवटची मात पाहून 'वाहवा' म्हणतो आणि पान उलटतो. वास्तविक या डावाचे मर्म आठव्या चालीत आहे. त्या वेळी काळ्याचे एक प्यादे मॉर्फीच्या वजिराच्या माऱ्यात आयते सापडले होते. ते घेतले असते, तर प्रतिपक्षाने वजिराने शह देऊन वजिरावजिरी केली असती. मॉर्फीकडे एक प्यादे अधिक राहिले असते आणि डाव संथपणे जिंकताही आला असता. पण त्याने प्याद्याकडे पाहिलेही नाही. घरी बसलेला दुसरा घोडा बाहेर काढला.

असे का? अभ्यासकाने येथे पुस्तक मिटून पटाकडे पाहावे. काळ्याचा एक उंट दोन चाली खर्चून घोड्याच्या मोबदल्यात कधीच मारला गेला होता. दुसऱ्या उंटाची वाट त्याच्याच वजिराने अडविली होती. आणि काळा राजा मधोमध उघड्यावर उभा होता. ज्याची फौज अद्याप छावणीतच झोपली आहे, त्याच्याशी सौदा न करता त्याच्यावर चालून जावे, हे मॉर्फीने ओळखले. पुढे त्याने घोडा दिला, हत्ती दिला आणि अखेरीस वजीरही दिला. मात झाली तेव्हा प्यादी व राजा सोडता त्याच्यापाशी एक हत्ती आणि एक उंट एवढेच उरले होते. काळ्याच्या राजाच्या बाजूचा उंट व हत्ती मात्र शेवटपर्यंत आपल्या मूळ घरांवरून हलले नव्हते. सतराव्या चालीतील मातेचे बीज आठव्या चालीत पेरले होते, हे ज्याला स्वतः शोधून सापडले, त्याच्याच तो डाव अंगी लागला.

यावर कोणी आक्षेप घेईल की, पंजाबच्या मीर सुलतान खानाने कोठे ग्रंथ अभ्यासले होते? तो देशी पद्धतीने वाढलेला खेळाडू. तरीही १९२९, १९३२ आणि १९३३ या साली ब्रिटनचे अजिंक्यपद त्याने मिळविले, आणि १९३०-३१ च्या हेस्टिंग्ज येथील स्पर्धेत भूतपूर्व जगज्जेत्या कापाब्लांकाला हरविले. आक्षेप विचारार्ह आहे. परंतु इंग्लंडात गेल्यावर त्याला विंटर व येट्स यांच्यासारख्या निष्णात खेळाडूंचे साहाय्य लाभले होते, आणि डावाच्या आरंभीच्या चाली हीच त्याच्या खेळातील उणी बाजू समजली जाई. अलौकिक प्रतिभेलाही जेथे उणीव भासली, तेथे सामान्याने अभ्यासाचा मार्ग सोडणे शहाणपणाचे नव्हे.

आता अभ्यासाची रीत. खरा पट मांडावा आणि पुस्तकातील पुढील चाल कागदाने झाकावी. जिंकणाऱ्याच्या बाजूने बसून स्वतःची चाल ठरवावी व तिचे कारण वहीत एका ओळीत लिहावे. मगच कागद खाली सरकवावा. चाल जुळली तरी कारण जुळले काय, हे तपासावे. कारण योगायोगाने चाल बरोबर येते, विचार बरोबर येत नाही. न जुळल्यास आपली चाल कोठे फसते, हे पटावर खेळून पाहावे. टीकाकाराचे भाष्य त्यानंतरच वाचावे. याप्रमाणे एका डावाला दोन तास लागले तरी ते व्यर्थ नव्हेत. घाईने चाळलेल्या पन्नास डावांपेक्षा असा एक डाव अधिक शिकवितो. आणि शेवटी स्वतःच्या हरलेल्या डावालाही हीच कसोटी लावावी. १९४८ साली जगज्जेता झालेला रशियाचा बोट्विनिक स्वतःच्या डावांवर टिपणे लिहून ती प्रसिद्ध करण्याचा आग्रह धरीत असे. कारण त्यायोगे आपल्या चुका इतरांनाही दाखविता येतात.

सध्याच्या काळी संगणकाने हे काम सोपे केले आहे, तसेच अवघडही. १९९७ साली यंत्राने कास्पारोव्हसारख्या जगज्जेत्याचा पराभव केला, आणि आज कोणाही विद्यार्थ्याला उत्कृष्ट चाल क्षणात समजते. पण उत्तर आधी वाचून गणित सोडविणाऱ्या मुलाला जेवढे गणित येते, तेवढेच बुद्धिबळ या मार्गाने येते. यंत्राला विचारावे अवश्य. मात्र वहीत आपले उत्तर लिहून झाल्यावर.

अशा अभ्यासाने प्रत्येकजण जगज्जेता होईल, असे नाही. तथापि ओवरीतील त्या जोडीपैकी एकाने जरी आठवड्यातून एक डाव या रीतीने अभ्यासला, तरी समोर आयते प्यादे दिसताच त्याचा हात क्षणभर थबकेल आणि आपला घरी बसलेला घोडा त्याला आठवेल. ज्या दिवशी असे घडेल, त्या दिवसापासून समोरच्या गड्यालाही आपला खेळ सुधारल्यावाचून गत्यंतर उरणार नाही.