मुलांसह किन्शासाला जाताना

पालकहो, जे. पी. नगरातून सुट्टीत मुलांसह किन्शासाला निघणाऱ्यांनी पीतज्वराची लस किमान १० दिवस आधी घ्यावी. तिचा दाखला जवळ नसेल, तर परतल्यावर आपल्याच देशात ६ दिवसांपर्यंत विलगीकरण वाट्याला येते. ९ महिन्यांखालील बाळाला ही लस देत नाहीत. तेव्हा त्याला आजीपाशीच ठेवावे, असे माझे स्पष्ट मत आहे. हिवताप तेथे बारमाही, मच्छरदाणी न्यावीच.

मुलांना 'लोला या बोनोबो' अवश्य दाखवा. क्लॉडीन आंद्रे यांनी १९९४ साली सुरू केलेले हे अनाथ बोनोबोंचे आश्रयस्थान होय. हा कपी रानात केवळ काँगो नदीच्या दक्षिणेसच आढळतो. त्याच नदीच्या पैलतीरी दुसऱ्या देशाची राजधानी, ब्राझाव्हिल, दिसते. नकाशापेक्षा हा भूगोल अधिक लक्षात राहतो. फ्रेंच येत नसल्यास लिंगाला भाषेतील 'म्बोते' म्हणजे नमस्कार. तो मुलांना येथूनच शिकवून न्यावा.