दलाल कोण आणि शेजारी कोण?
(रौप्यमहोत्सवी समारंभात केलेले भाषण)



आयुष्यभर बँकेत नोकरी केल्यामुळे कागद वाचायची खोड लागली आहे. तेव्हा आज थोडं कागदाचंच बोलतो, पण सुरुवात एका घरगुती गोष्टीने करतो.

काही वर्षांपूर्वी मी सोसायटीचा खजिनदार होतो. तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंना मुलाकडे राहायला जायचं होतं. फ्लॅट विकायचा होता, पण ओळखीचं कोणी नव्हतं. माझ्या जुन्या सहकाऱ्याचा मुलगा घर शोधत होता. मी दोघांची गाठ घालून दिली, व्यवहार झाला. मी चहा सोडून काही घेतलं नाही. पुढच्या वार्षिक सभेत मागून आवाज आला, "साहेब, तुमची टक्केवारी किती?" सगळे हसले. मला मात्र दोन रात्री झोप लागली नाही.

तिसऱ्या दिवशी मी कायदा काढून बसलो. रेरा कायदा २०१६चा. त्यातल्या कलम ९ नुसार, नोंदणी झालेल्या प्रकल्पातलं बिल्डर विकत असलेलं घर विकून देणाऱ्या एजंटला महारेराची नोंदणी लागते. त्याचा नंबर 'ए' या अक्षराने सुरू होतो, प्रकल्पाचा 'पी' ने. नोंदणीशिवाय धंदा केला तर दिवसाला १०,००० रुपये दंड आहे. २०२३ पासून महाराष्ट्रात एजंटांना प्रशिक्षण घेऊन परीक्षाही द्यावी लागते.

मग सूट कोणाला? स्वतःचा फ्लॅट स्वतः विकणारा मालक एजंट नाही. मोबदला न घेता ओळख करून देणाराही नाही, कारण व्याख्येतच 'मोबदला' आहे. जुन्या फ्लॅटची मालकाकडून होणारी विक्री आणि भाड्याचे व्यवहार या कलमात येत नाहीत. ५०० चौरस मीटरपर्यंतच्या जमिनीवरचा किंवा आठ सदनिकांपर्यंतचा छोटा प्रकल्प असेल, तर प्रकल्पालाच नोंदणी लागत नाही.

म्हणजे मी कायद्याने दोनदा सुटलो होतो! मोबदला नव्हता आणि फ्लॅट जुना होता. आनंद झाला. पण तो टिकला नाही. कारण लक्षात आलं, की विचारणाऱ्याचा प्रश्न कायद्याचा नव्हताच. हस्तांतराचे कागद ज्या कमिटीपुढे येतात, तिचा खजिनदारच खरेदीदार घेऊन आला होता. व्यवहाराआधी कमिटीला चार ओळी लिहून द्यायला हव्या होत्या. त्या मी दिल्या नाहीत. बँकेत असतो तर दुसऱ्याकडून त्या मागितल्या असत्या.

ही गोष्ट आजच का? आपली इमारत पंचवीस वर्षांची झाली. आज ना उद्या पुनर्विकासाचा विषय येईल, आणि गेटवर माणसं येऊ लागली आहेत. कोणी म्हणतं, "काका, रिसेलला नंबर लागत नाही." खरं आहे. पण नंबर लागत नाही म्हणजे तक्रार करायला महारेराचं दारही नाही. सूट कायद्याने दिली, भरवसा आपणच तपासायचा. टोकन रोख देऊ नका. दलाली किती, कोण देणार, हे आधी लिहून घ्या. भाडेकरू ठेवला तर करार नोंदवून घ्या, ती जबाबदारी मालकाची आहे. आणि पुनर्विकासात बिल्डर जे नवे फ्लॅट बाहेर विकायला काढतो, तिथे मात्र 'पी' आणि 'ए' दोन्ही नंबर महारेराच्या संकेतस्थळावर स्वतः बघा.

कमिटीला एकच विनंती. ऑफिसमध्ये एक वही ठेवा. पदाधिकाऱ्याने कोणाच्या व्यवहारात हात घातला, तर फुकट का असेना, त्यात लिहावं. पहिली नोंद माझी असू दे, उशिरा का होईना.

ज्यांनी तो प्रश्न विचारला ते समोरच बसले आहेत. रोज संध्याकाळी आम्ही एकत्र फिरतो. त्यांना आज सगळ्यांसमोर सांगतो, टक्केवारी शून्य होती, पण तुम्ही विचारलंत ते बरंच केलंत.