इवल्या आगगाडीचा छंद

लहान मुलाच्या हाती खेळण्यातली आगगाडी दिली, तर तिला चाके असली आणि ती पुढे सरकली, एवढ्याने त्याचे समाधान होते. काड्यापेट्यांची मालिका दोऱ्याने ओढतानाही त्याला तोच आनंद मिळतो. कारण जे काही उणे असेल, ते त्याची कल्पना भरून काढते. प्रौढ माणसाला आगगाडीच्या प्रतिकृतींचा छंद जडला, म्हणजे मात्र गोष्ट अगदी उलट होते. त्याला कल्पनेचे साहाय्य नको असते. जे प्रत्यक्षात होते, ते लहान आकारात तसेच्या तसे उभे करावे, हा त्याचा ध्यास असतो. पाहणाऱ्याला दोघांच्या हाती सारखीच वस्तू दिसते, आणि म्हणूनच या छांदिष्टांची गाऱ्हाणी त्याला पोरकट वाटतात. वस्तुतः त्या गाऱ्हाण्यांत विचार करण्याजोगे पुष्कळ आहे.

म्हैसूरचे उदाहरण घ्यावे. या शहराच्या वायव्य अंगास विजयनगर ही मोठी वसाहत आहे. तेथून शहरात आले, की रेल्वे स्थानकाला लागून, कृष्णराजसागर रस्त्यावर, रेल्वेचे संग्रहालय लागते. दिल्लीचे राष्ट्रीय रेल्वे संग्रहालय १९७७ साली उघडले. त्यानंतर दोनच वर्षांनी, १९७९ साली, म्हैसूरचे हे संग्रहालय स्थापन झाले. महाराणींसाठी बांधलेला १८९९ सालचा खास डबा येथे आहे. मूळची चाके काढून रुळांवर चालविलेली ऑस्टिन मोटारही आहे. बंगळूरहून म्हैसुरास पहिली आगगाडी आली ती १८८२ च्या सुमारास, आणि ती मीटरगेजची होती. पुढे शंभरांहून अधिक वर्षे या मार्गावर मीटरगेजच नांदले. १९९० नंतरच्या दशकात तेथे ब्रॉडगेज आले. आज विजयनगरात वाढणाऱ्या मुलाला आपल्या गावचे मीटरगेज इंजिन पाहावयाचे असेल, तर ते संग्रहालयात निश्चल उभे असलेले पाहावे लागते. ते चालताना दाखविण्याचा एकच मार्ग उरतो, आणि तो म्हणजे प्रतिकृती. छांदिष्टाच्या मेजावरील गाडी ही अशा रीतीने केवळ करमणूक राहत नाही. ती एक प्रकारची नोंद होते. आणि नोंद म्हटली, की तिच्या खरेपणाचा प्रश्न आलाच.

हा खरेपणा मोजता येतो. जगात सर्वांत प्रचलित असलेल्या 'एच-ओ' प्रमाणात प्रत्येक वस्तू मूळच्या सत्याऐंशीव्या हिश्शाने करतात, आणि रुळांतील अंतर १६.५ मिलिमीटर ठेवतात. हे अंतर युरोप-अमेरिकेतील १४३५ मिलिमीटरांच्या मार्गाशी बरोबर जुळते. भारतीय ब्रॉडगेज मात्र १६७६ मिलिमीटरांचे. त्याचा सत्याऐंशीवा हिस्सा सव्वाएकोणीस मिलिमीटर होतो. म्हणजे बाजारात मिळणाऱ्या रुळांवर भारतीय गाडी उभी केली, की तिच्या पायाखालचा मार्ग सुमारे पावणेतीन मिलिमीटरांनी अरुंद होतो. मूळच्या मापात ही चूक जवळजवळ पाव मीटर भरते. रुंद अंगाचे डिझेल इंजिन त्या रुळांवर अरुंद पाटावर बसविलेल्या धिप्पाड माणसासारखे दिसते. गंमत अशी, की ज्या मीटरगेजला देशाने निरोप दिला, त्याच्या बाबतीत ही अडचण फारशी येत नाही. त्यासाठी मिळणारे १२ मिलिमीटरांचे रूळ हिशेबापेक्षा अवघे अर्धा मिलिमीटर रुंद असतात. तेव्हा म्हैसूरचा जुना मार्ग मेजावर बराचसा प्रामाणिकपणे उतरू शकतो. नवा मार्ग उतरविणे त्याहून कठीण.

येथे एक भेद ध्यानात घेतला पाहिजे. तडजोड निराळी आणि हलगर्जी निराळी. तडजोडीवाचून हा छंद चालतच नाही. भारतीय ब्रॉडगेजवरील तीव्रात तीव्र वळणाची त्रिज्या १७५ मीटर असते. ते वळण सत्याऐंशीव्या हिश्शाने करावयाचे, तर दोन मीटरांची त्रिज्या लागेल, आणि गाडी उलट फिरविण्यास चार मीटर रुंदीची मोकळी खोली हवी. मध्यमवर्गीय घरात एवढी जागा कोठून आणावयाची? म्हणून ३६० मिलिमीटरांच्या वळणावरही समाधान मानले जाते. याविषयी कोणी कुरकुर करीत नाही. कारण ही तडजोड उघड असते आणि ती ज्याची त्याने जाणून स्वीकारलेली असते. चीड येते ती न सांगितलेल्या दोषाची.

असे दोष जुने आहेत. गेल्या शतकाच्या पूर्वार्धात जस्ताच्या मिश्रधातूचे इंजिन ओतून काढण्याची पद्धत रूढ झाली. त्या जस्तात शिशाचा अत्यल्प अंश राहिला, तरी धातूच्या कणाकणांमधून कीड लागल्यासारखी झीज सुरू होते. वस्तू फुगते, वाकते, तिला चिरा पडतात, आणि एके दिवशी कपाटात जपून ठेवलेल्या इंजिनाचा भुगा हाती येतो. यावर औषध नाही. उपाय मुळातच करावा लागतो, आणि तो म्हणजे अतिशुद्ध जस्त वापरणे. हे ज्ञान १९३० पूर्वीच उपलब्ध झाले होते; तरीही त्यानंतरच्या कित्येक वर्षांतील ओतीव वस्तूंत हा रोग आढळला. दुसरा दोष दंतचक्राचा. पोलादी आसावर दाबून बसविलेले प्लॅस्टिकचे चक्र काळाने आकसते आणि तडकते. मग चाकाच्या प्रत्येक फेऱ्याला गाडी अडखळते. काही पैशांच्या चक्रापायी हजारो रुपयांचे इंजिन लंगडे होते. सत्याऐंशी पट लहान केलेल्या वस्तूत लहानसहान चूक क्षम्य ठरत नाही. उलट ती अधिकच टोचते.

तथापि कारखानदाराची बाजूही पाहिली पाहिजे. उत्तम साचा घडविण्यास मोठा खर्च येतो, आणि तो किती प्रतींवर वाटला जातो, यावर वस्तूची किंमत ठरते. जर्मनीतील वा इंग्लंडमधील प्रसिद्ध इंजिनाला हजारो गिऱ्हाइके मिळतात. जमशेदपूरला टेल्कोने बांधलेल्या 'वाय-पी' जातीच्या मीटरगेज इंजिनाला किती मिळणार? मग भारतीय छांदिष्टापुढे दोनच वाटा उरतात. परदेशी प्रतिकृतीला भारतीय रंग चढवावा, नाहीतर पत्रा, पुठ्ठा आणि कानस घेऊन स्वतःच बसावे. त्यातच आयातीचा भार. जकातीच्या वर्गवारीत मोजमापाबरहुकूम केलेल्या प्रतिकृती खेळण्यांबरोबरच एका सदरात येतात. २०२० साली भारताने खेळण्यांवरील आयातशुल्क २० टक्क्यांवरून ६० टक्क्यांवर नेले, आणि २०२३ साली ते ७० टक्के केले. स्वदेशी उद्योगाला आधार मिळावा आणि निकृष्ट खेळणी येऊ नयेत, हा त्यामागील हेतू योग्यच होता. परंतु ज्या वस्तूचा देशात पर्यायच बनत नाही, तिच्यावरील शुल्काने कोणत्या उद्योगाचे रक्षण होते, हा प्रश्न उरतोच. खेळणे आणि प्रतिकृती यांतील भेद न ओळखण्याची किंमत अशी रोकडी मोजावी लागते.

या छांदिष्टांत आपसांतही ऐक्य नसते. एक पंथ इंजिनाच्या अंगावरील रिव्हेट मोजणाऱ्यांचा. दुसरा पंथ म्हणतो, गाडी चालते ना, मग झाले. नवख्याने इंजिन बिघडल्याचे सांगितले, तर एकजण त्याच्याच हाताला दोष देतो. दुसरा म्हणतो, मिळते आहे तेवढ्यावर कृतज्ञ राहा. अशा वादात मूळ बिघडलेले चक्र बाजूला राहते आणि माणसे मात्र दुखावतात. गाऱ्हाणे नुसते गाऱ्हाणे राहिले, तर त्यातून कटुतेशिवाय काही निष्पन्न होत नाही. त्याचे मापात रूपांतर झाले, तरच ते फलद्रूप होते. अमेरिकेत एका कारखान्याची गाडी दुसऱ्याच्या रुळांवर चालेना, तेव्हा तेथील छांदिष्टांनी १९३५ साली राष्ट्रीय संघटना स्थापून चाकांची, रुळांची आणि सांध्यांची मापे ठरविली. युरोपातील संघटनांनी १९५४ साली एकत्र येऊन तेच कार्य हाती घेतले. कोणाच्याही हाती सत्ता नव्हती, कोणताही कायदा पाठीशी नव्हता; तरीही कारखानदारांना ती मापे मानावी लागली. 'माल वाईट आहे' या म्हणण्याला उत्तर देता येते. 'चाक ठरल्या मापापेक्षा इतके कमी आहे' या म्हणण्याला देता येत नाही.

स्वतःच्या हातांवर विसंबण्याची दुसरी वाट महाराष्ट्राने पाहिली आहे. पुण्याच्या कोथरूड भागात भाऊसाहेब जोशी यांनी उभारलेले लघुरेल्वेचे संग्रहालय १९९८ साली लोकांसाठी खुले झाले. वाफेच्या गाड्या, अतिवेगवान गाड्या, डोंगर चढणारी दोरखंडाची गाडी, वरच्या रुळाला लोंबकळत धावणारी गाडी, सिग्नल, उड्डाणपूल, सर्कस, पोहण्याचा तलाव, असे एक संपूर्ण नगर तेथे एका दालनात नांदते. तेथे आलेले मूल गाडी पाहते, तर मोठी माणसे त्यामागील अनेक वर्षांचे कष्ट पाहतात.

छंद हा माणसाच्या फुरसतीचा भाग असला, तरी त्यात त्याचा स्वभाव प्रकट होतो. जेथे कोणी जाब विचारणार नाही, पगार कापणार नाही, अशा ठिकाणी अर्ध्या मिलिमीटरासाठी झोप गमावणारा माणूस समाजाला हास्यास्पद वाटो. पण पूल, औषधे आणि खरी इंजिने ज्यांच्या हातून निर्माण व्हावयाची, त्यांच्यापाशी हीच अस्वस्थता असावी, अशी तोच समाज अपेक्षा धरतो. ही अस्वस्थता मोठ्या कामाच्या वेळी एकाएकी येत नसते. ती लहान कामात अंगी बाणवावी लागते, आणि आगगाडीचा हा इवला छंद ती बाणविण्याचे एक साधन आहे.