मनाचें औषध आणि हाताचा कंप



पनवेल-उरणच्या बाजूस चिरनेर नांवाचें गांव आहे. २५ सप्टेंबर १९३० रोजीं तेथील जंगल सत्याग्रहांत गोळीबार झाला, म्हणून तें नांव आपणांपैकीं पुष्कळांच्या कानांवरून गेलें असेल. आज मला त्याची आठवण झाली ती मात्र तेथील कुंभारकामामुळें. फिरत्या चाकावरच्या गोळ्यांतून मडकें उचलणें सर्वस्वीं बोटांच्या स्थिरतेवर अवलंबून असतें. अशा एखाद्या घरांतील पंचविशीचा मुलगा मनाच्या गंभीर आजारानें घेरला आहे, अशी क्षणभर कल्पना करूं. कोणी बोलत नसतां त्यास आवाज ऐकूं येतात. अन्नांत विष कालविलें असेल म्हणून तो जेवत नाहीं. घरचीं माणसें त्यास मनोविकारतज्ज्ञाकडे नेतात, गोळ्या सुरू होतात. दोन-तीन आठवड्यांत आवाज मंदावतात, तो जेवूं लागतो. आणि त्याच सुमारास चाकावर बसला असतां त्याचा हात थरथरूं लागतो. पावलें आखूड पडतात, चालतांना हात हालत नाहींत, चेहरा मुखवट्यासारखा निर्विकार होतो.

आई म्हणते, आजार वाढला. शेजारीण म्हणते, बाहेरची बाधा असावी. मुलगा कोणासच कांहीं सांगत नाहीं. तो गोळी जिभेखालीं धरतो आणि परसांत थुंकून येतो. पुढें कांहीं आठवड्यांनीं आवाज परत येतात. हा कंप रोगाचा नव्हे, बाधेचा तर नव्हेच, तो औषधाचा आहे आणि त्यावर इलाज आहे, हें या तिघांपैकीं एकासहि ठाऊक नसतें.

आपल्या मेंदूंत डोपामाइन नांवाचें एक द्रव्य असतें. मेंदूच्या कांहीं मार्गांत त्याचा जोर अवाजवी झाला म्हणजे भ्रम व भास उत्पन्न होतात, असें आज मानतात. १९५२ सालीं पॅरिसमध्यें क्लोरप्रोमाझीन मनोरुग्णांस देऊं लागले, तेव्हांपासून या आजाराचीं बहुतेक औषधें ह्या द्रव्याची वाट अडवीत आलीं आहेत. परंतु तेंच द्रव्य मेंदूच्या दुसऱ्या भागांत हालचालीस वळण लावीत असतें, आणि औषध तेथेंहि पोंचतें. ज्या गोळीनें आवाज थांबतात तिनेंच हात कांपतो, तो असा.

थोडें विषयांतर करतों. कारण ही गोष्ट उमगण्यास आपल्याकडील दोन वनस्पतींचें साहाय्य झालें आहे. वेडावर सर्पगंधेचें मूळ देण्याचा प्रघात आपल्या देशांत जुना. १९३१ सालीं गणनाथ सेन व कार्तिकचंद्र बोस यांनीं त्याविषयीं लिहिलें. १९४९ सालीं मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनीं रक्तदाबावरील तिच्या उपयोगाचा लेख प्रसिद्ध केला आणि पाश्चात्य वैद्यकाचें लक्ष तिकडे वेधलें. तिच्या मुळांतून काढलेलें रेसर्पीन मनोरुग्णांस देऊं लागल्यावर भास कमी झाले, पण कित्येकांस कंपवातासारखा कंप व ताठरपणा आला. १९५७ सालीं स्वीडनमध्यें आर्विड कार्लसन यांनीं रेसर्पीननें निश्चल झालेले प्राणी डोपा टोचून पुन्हां चालतेफिरते केले. हाच डोपा दामोदरन् व रामस्वामी यांनीं १९३७ सालींच खाजकुइलीच्या बियांतून वेगळा काढलेला होता.

खाजकुइली कोकणच्या रानांत विपुल. म्हणून येथें एक इशारा देणें भाग आहे. कंपवातावर कवचबीज गुणकारी, असें कोठें तरी वाचून आपल्या घरच्या रुग्णास त्याचें चूर्ण देऊं नका. डोपामाइन वाढविणारें द्रव्य ज्यांना महत्प्रयासानें घालविलें त्या भासांना परत बोलावूं शकतें.

कंपावर सामान्यतः मात्रा कमी करणें, औषध बदलणें, किंवा ट्रायहेक्सीफेनिडिलसारखी गोळी जोडणें हे उपाय डॉक्टर योजितात. याहून भयंकर दिसणारा प्रकार पहिल्या कांहीं दिवसांतच होतो, आणि तो तरुण पुरुषांत अधिक. मान एका बाजूस पिळवटते, डोळे वर चढतात, जबडा आंवळतो. पाहणाराच्या मनांत प्रथम भुताखेताचा विचार यावा असेंच तें दृश्य असतें. पण योग्य इंजेक्शननें बहुधा थोड्याच वेळांत मान सुटते. तेव्हां मांत्रिकाच्या दारीं रात्र घालवूं नये.

मला सर्वांत अधिक सांगावेंसें वाटतें तें तिसऱ्या प्रकाराविषयीं, कारण तो दिसत असून ओळखूं येत नाहीं. रुग्णास एके जागीं बसवत नाहीं. तो उठतो, येरझारा घालतो, उभा राहून एका पायावरून दुसऱ्या पायावर भार टाकतो, पानावरून दोनदां उठतो. आंतून कोणी ढकलीत आहे अशी त्याची तगमग असते. घरच्यांस वाटतें, वेड उफाळलें. तेंच ते डॉक्टरांस सांगतात. डॉक्टरांसहि तसेंच वाटलें तर मात्रा वाढते, आणि मात्रेबरोबर तगमगहि. ही तळमळ असह्य होऊन जिवाचें बरेंवाईट करण्याचा विचार मनांत आलेले रुग्ण आहेत. म्हणून त्यास रागें भरून बसविण्यापूर्वीं एवढेंच विचारा: "बाबा रे, मनांत भीति वाटते म्हणून उठतोस, कीं पाय स्वस्थ बसूं देत नाहींत म्हणून?" पुष्कळदां तो स्वतःच नेमकें उत्तर देतो. मात्रा उतरवून किंवा प्रोप्रॅनोलॉलसारख्या औषधानें ही तगमग शमवितां येते.

चौथा प्रकार महिन्यांनीं, वर्षांनीं येतो आणि उतारवयांत अधिक आढळतो. ओठ चावल्यासारखे हालतात, जीभ आंतबाहेर होते, बोटें सतार छेडल्यासारखीं चाळवतात. रुग्णास बहुधा याची जाणीवहि नसते. लोक हंसतात तेव्हां कळतें. हा विकार औषध थांबवूनहि कधीं कधीं जात नाहीं, आणि कंपावरची गोळी येथें उलट अपाय करूं शकते. २०१७ पासून अमेरिकेंत याकरितां व्हॅल्बेनाझीन मिळूं लागलें. तथापि लौकर ध्यानांत येणें हेंच अधिक हिताचें. नव्या औषधांत हे सारे त्रास कमी आहेत, नाहींत असें नव्हे. क्लोझापीननें ते फारच थोडे होतात, पण तें घेतांना रक्ताची तपासणी नियमानें करावी लागते.

आणखी एक. अंग लांकडासारखें ताठ, जोडीला जोराचा ताप आणि भान हरपलेलें, असें झालें तर दुसऱ्या दिवसाची वाट न पाहतां रुग्णालय गांठावें. एरवीं मात्र गोळी एकाएकीं बंद करूं नये. डॉक्टर दूर असतील तर सरकारच्या १४४१६ या क्रमांकावर विचारतां येतें.

वर सांगितलेल्या घरीं एक साधी वही ठेवली तरी पुष्कळ काम होईल: गोळी कोणत्या तारखेस सुरू झाली, मात्रा केव्हां बदलली, हात प्रथम केव्हां थरथरला, रात्रीं येरझारा किती वेळ घातल्या. मुलाच्या हातांत कोरा कागद देऊन आठवड्यास एकदां चार ओळी लिहून घ्याव्यात. कंपानें अक्षर बारीक होत जातें. तारखेवार चार कागद पुढें ठेवले म्हणजे डॉक्टरांस तें एका दृष्टिक्षेपांत दिसतें.